लॅपटॉप स्लीपमधून उठला की नेटवर्कवरचे उघडे फोल्डर गायब, परत कसे आणायचे?

आंबेवाला_देवगड | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, सीझन ऐन भरात आहे म्हणून थोडक्यात लिहिणार होतो पण जमेलसं दिसत नाही. देवगडला घरच्याच पडवीत आमचं आंब्याच्या पॅकिंगचं आणि हिशोबाचं छोटं ऑफिस आहे. मागच्या खोलीत एक डेस्कटॉप, सगळा डेटा त्याच्यावर, त्यातला 'आंबा' नावाचा फोल्डर शेअर केलाय, आणि मी पुढे टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो, विंडोज ११. सकाळी बसलो की पहिलं काम म्हणजे त्या शेअरमधले सात-आठ फोल्डर वेगवेगळ्या विंडोत उघडायचे, आवक, बागायतदार खाती, गाडीभाडं, मजुरांची हजेरी, पेट्यांचा स्टॉक आणि सगळ्यात महत्त्वाचा वाशी पट्टी. (पट्टी म्हणजे वाशी मार्केटातून दलाल पाठवतो तो हिशोबाचा कागद, किती पेट्या काय भावाने गेल्या, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता हातात काय उरलं. त्यांचे फोटो तारखेवार ठेवतो.) अर्ध्या विंडो लॅपटॉपवर, अर्ध्या शेजारच्या मॉनिटरवर, कुठली कुठे ते हाताला पाठ झालंय.

आता दुखणं. दुपारी जेवायला उठतो, तेवढ्यात लॅपटॉप झोपतो. परत येऊन पिन टाकावा तर नेटवर्कवरच्या विंडो एकतर नाहीतच, नाहीतर एखादी शिल्लक असते ती एक्सप्लोररच्या 'होम' पानावर जाऊन बसलेली. मांडलेलं ताट कुणीतरी मागच्या मागे उचलून न्यावं तसं. लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवरचे फोल्डर मात्र जिथल्या तिथे उघडे, त्यांना काही होत नाही. मग परत एकेक उघडा, एकेक जागेवर लावा, दारात बागायतदार विचारतोय माझी पट्टी आली काय आणि मी इकडे माऊस फिरवतोय.

फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यू टॅबखाली 'रिस्टोर प्रीव्हियस फोल्डर विंडोज ॲट लॉगऑन' आहे, त्याला टिक केली, काही फरक नाही. भाच्याने सांगितलं फॉरमॅट मार. भाच्याचं ऐकायचं नाही एवढं ठरवलंय. कुणी यातून गेलंय का?

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री ११:१५

भाच्याचं नाही ऐकलंत ते बरं केलंत, फॉरमॅटचा इथे काही संबंध नाही.

त्या टिकचं नाव नीट वाचा, शेवटी 'ॲट लॉगऑन' आहे. म्हणजे कॉम्प्युटर रीस्टार्ट केलात किंवा साइन आउट केलंत तर त्या क्षणी कुठल्या विंडो उघड्या होत्या याची तो नोंद ठेवतो आणि परत लॉगिन केलं की उघडतो. स्लीपमध्ये तुम्ही लॉग आउट होतच नाही. सगळं रॅममध्ये तसंच असतं, त्याच्या लेखी विंडो बंद झाल्याच नाहीत, मग परत कशाला उघडेल. त्यामुळे ती टिक असली काय नसली काय, दुपारच्या जेवणाशी तिचा संबंध नाही.

खरी भानगड अशी की तुमचा लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांच्यात एसएमबीचं (विंडोजची नेटवर्कवरून फाइल शेअर करायची पद्धत) एक कनेक्शन चालू असतं, ४४५ पोर्टवरून. लॅपटॉप झोपला की वायफाय झोपतं, कनेक्शन तुटतं. उठल्यावर स्क्रीन लगेच लागते, पण वायफाय जोडलं जायला, राउटरकडून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळायला काही सेकंद जातात आणि त्या मधल्या वेळात एक्सप्लोररला कळतं की ही जागा आता अस्तित्वातच नाही, मग तो विंडो मिटून टाकतो. पेनड्राइव्ह उपटला की त्याची विंडो जाते ना, तसंच. डिस्कवरचे फोल्डर राहतात कारण डिस्क कुठे पळून जात नाही.

आता मला तीन गोष्टी सांगा. वायफाय आहे की केबल? तुम्ही झेड-बिड असं ड्राइव्ह लेटर देऊन मॅप केलंय की नुसता दोन उलट्या स्लॅशचा पाथ? आणि कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश ए एवढं टाका (अर्थात इंग्रजीत, माझा कीबोर्ड मराठीवर अडकलाय), त्यात एस थ्री (जुन्या पद्धतीची पूर्ण झोप) लिहून येतं की एस झिरो लो पॉवर आयडल (नवी, मोबाईलसारखी अर्धवट झोप)?

जुन्या पद्धतीचा एस थ्री असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब मिळेल, तिथली 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस' ही टिक काढून बघायची. कधी कधी तेवढ्याने उठल्यावर नेटवर्क लवकर येतं. कधी कधी.

झोपवूनका_अलिबाग | बुधवार, सकाळी ७:५०

एवढं डोकं कशाला लावायचं, झोपवूच नका ना. पॉवर ऑप्शनमध्ये स्लीप 'नेव्हर' आणि झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग'. स्क्रीन तेवढी बंद होऊ द्या. माझा तीन वर्षं असाच चालू आहे.

आंबेवाला_देवगड | बुधवार, दुपारी २:०५

वाशिष्ठीकाठ, धन्यवाद, लॉगऑनचं आता डोक्यात शिरलं. वायफायच आहे. ड्राइव्ह लेटर नाही, पाथ थेट आयपीने, १९२.१६८.१.७ आणि पुढे आंबा. ती कमांड टाकली तर एस झिरो आलं, आणि पॉवर मॅनेजमेंटचा टॅब तर माझ्याकडे दिसतच नाहीये, ड्रायव्हर आणि डिटेल्सच्या मधे कुठे नाही.

अलिबागकर, केलं असतं हो, पण मे महिना, वर पत्रा, आणि लाईटचा भरवसा नाही. लाईट गेली की बॅटरीवर चालू राहून दोन तासांत मेलेला सापडतो. झाकण लावून चालू ठेवला तर इतका तापतो की वर भाकरी भाजावी.

अजून एक लक्षात आलं, कामाचं आहे का ते तुम्हीच सांगा. एरवी विंडो जातात पण परत उघडल्या की उघडतात तरी. ज्या दिवशी लाईट जाऊन येते त्या दिवशी उघडायला गेलो की सरळ 'नेटवर्क पाथ सापडला नाही', तो झिरो एक्स ८००७००३५ वाला एरर. मग मागच्या खोलीतला डेस्कटॉप एकदोनदा रीस्टार्ट केला की कधीतरी होतं. तो डेस्कटॉप इन्व्हर्टरवर आहे आणि त्याला स्लीप बंद ठेवलेलं आहे, ते तपासलं.

गजालीवालो | बुधवार, दुपारी ३:३०

माका ह्या वाचूनच समाजला. लाईट गेल्याच्या दिवशी बंद पडता म्हणतास ना, थयच घोडा पेंड खाता. बाकीच्यांका समजूक होया म्हणान फुडचा साध्या मराठीत लिहितंय.

तुमच्याकडे एक नाही, दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी येतात म्हणून एकच वाटतंय. विंडो मिटणं हे स्लीपचं. पण पाथच न सापडणं हे राउटरचं. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर आहे म्हणालात, राउटर आहे का? नसणार. पैज लावतो, राउटर त्या दुसऱ्या प्लगवर असेल, ट्यूबलाइटच्या बाजूच्या. लाईट गेली की राउटर बंद, आली की चालू, आणि बरेच घरगुती राउटर बंद होऊन उठले की कुणाला कुठला आयपी दिला होता ते विसरतात. मग घरातले मोबाईल, टीव्ही, कॅमेरा सगळे एकदम हात पुढे करतात, आणि काल सात नंबरवर असलेला डेस्कटॉप आज अकरावर. तुम्ही आपले सातवरच जाऊन दार वाजवताय, आत कोण तर पुतण्याचा मोबाईल. रीस्टार्ट केल्यावर 'कधीतरी होतं' म्हणजे नशिबाने सात परत मिळतो तेव्हा होतं.

उपाय दोन आणि दोन्ही करा. राउटरच्या पानावर जा (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा ०.१), तिथे डीएचसीपीच्या (आयपी वाटायचं खातं) खाली 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, त्यात डेस्कटॉपचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) टाकून सात नंबर त्याच्या नावावर कायमचा लिहून टाका, सातबाऱ्यावर नाव चढवल्यासारखा. आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप पण मिळतो बाजारात, बारा व्होल्टचा, राउटरला चिकटवून ठेवायचा. मी मालवणात तोच लावलाय, पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाईट गेली तरी राउटरला पत्ता लागत नाही.

आयपीऐवजी डेस्कटॉपचं नाव टाकून पण पाथ चालतो, पण त्यासाठी दोन्हीकडे नेटवर्क 'प्रायव्हेट' असायला हवं, 'पब्लिक' असेल तर नाव सापडत नाही. दोन्हीतलं एकच काहीतरी वापरा हां. आज आयपी उद्या नाव असं केलं तर विंडोज त्याला दोन वेगळे सर्व्हर समजतो आणि पासवर्ड परत मागत बसतो.

आणि हो, पेटी काय भाव चालली हा?

रत्नागिरी_हिशोबनीस | बुधवार, रात्री ९:२०

मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते, आमच्याकडे पण शेअरवरच सगळं, त्यामुळे हा त्रास चांगला ओळखीचा आहे. विंडो आपोआप जशाच्या तशा परत येतील असं एकही बटण मला सापडलेलं नाही, मी शोधायचं सोडून दिलं आणि एका झटक्यात उघडायची सोय करून घेतली.

साधी सोय आधी. लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर एक फोल्डर करा, नाव काहीही, माझ्याकडे 'खिडक्या' आहे. त्यात तुमच्या आठही नेटवर्क फोल्डरचे शॉर्टकट टाका. उठल्यावर तो उघडायचा, कंट्रोल ए, एंटर. आठही विंडो एकदम उघडतात. पंधराच्या वर शॉर्टकट ठेवू नका, जास्त सिलेक्ट केले की राइट क्लिकमधून ओपनच गायब होतं. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

ज्यांना तेवढं पण करायचा कंटाळा आहे (मी) त्यांच्यासाठी पुढचं. नोटपॅडमध्ये बॅच फाइल (कमांडची यादी, डबल क्लिक केलं की ओळीने चालतात). मी आधी त्यात फोल्डरांचे पाथ थेट लिहिले होते आणि आमचे फोल्डर मराठी नावाचे, 'येणी बाकी' वगैरे, तर ती फाइल चालवली की सगळा कचरा दिसायचा, एक फोल्डर उघडेल तर शपथ. काळ्या खिडकीला मराठी अक्षरं जुन्या कोडपेजमध्ये समजत नाहीत. फाइलच्या सुरुवातीला सीएचसीपी ६५००१ टाकून फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली की चालतं, पण त्यापेक्षा सोपं म्हणजे फाइलमध्ये मराठी नाव लिहायचंच नाही. फॉरची लूप लावायची की त्या 'खिडक्या' फोल्डरमधली प्रत्येक एलएनके (म्हणजे शॉर्टकटची) फाइल स्टार्ट कर, बस. (अर्थात मग त्या खिडक्या फोल्डरचं नाव तेवढं इंग्रजीत ठेवा, माझं स्पेलिंग विचारू नका.) दोन ठिकाणी ठेच लागते, बॅच फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा द्यायचं, आणि स्टार्टच्या पुढे आधी रिकामी दुहेरी अवतरणचिन्हं टाकायची. ती नसतील तर अवतरणातलं पहिलं नाव त्याला विंडोचं टायटल वाटतं आणि नुसती काळी खिडकी उघडून बसतो. मी अर्धी दुपार त्यात घालवलीय.

लूपच्या आधी डेस्कटॉप पिंगला (नेटवर्कवरून मारलेली हाक) उत्तर देईपर्यंत थांबायची ओळ टाका. ती नसेल तर वायफाय येण्याच्या आधीच आठ एरर समोर उभे राहतात.

मग टास्क शेड्युलर, म्हणजे विंडोजमधलं ठरल्या प्रसंगी (त्याला ट्रिगर म्हणतात) काम आपोआप सुरू करणारं. बरेच जण सांगतात की ट्रिगर 'ऑन ॲन इव्हेंट' ठेवा, लॉग सिस्टीम, सोर्स पॉवर-ट्रबलशूटर, आयडी १. ते एस थ्रीवाल्यांसाठी बरोबर आहे. तुमचा एस झिरो आहे, त्यात त्या इव्हेंटचा भरवसा धरू नका, तिथे झोपेतून बाहेर येण्याचा इव्हेंट कर्नल-पॉवर ५०७ असतो. पण माझं ऐकाल तर दोन्ही सोडा आणि ट्रिगर ठेवा 'ऑन वर्कस्टेशन अनलॉक'. उठल्यावर पिन टाकावा लागतोच ना, पिन टाकला की टास्क सुटतो. शिवाय एस झिरोवाला लॅपटॉप मधेच स्वतःचं काहीबाही काम करायला उठतो तेव्हा उगाच विंडो उघडत नाहीत.

जनरल टॅबमध्ये 'रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन' असू दे, दुसरा पर्याय घेतला तर टास्क चालतो पण विंडो डोळ्याला दिसत नाहीत. आणि कंडिशन्समध्ये 'ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' ही टिक आधीपासूनच असते, ती काढा. तुमच्याकडे लाईट जाते, म्हणजे नेमकं नको तेव्हाच टास्क रुसून बसणार.

वाशिष्ठीकाठ | बुधवार, रात्री १०:१०

ताई, अनलॉकचं एकदम पटलं, मी ५०७ वर घासत बसलो असतो. टॅब दिसत नाही तेही एस झिरोमुळेच, त्या मशीनवर तो बहुतेक नसतोच.

ड्राइव्ह लेटर विचारलं त्याचं कारण सांगायचं राहिलं. मॅप केलेला ड्राइव्ह असेल तर उठल्यावर त्याच्यावर लाल फुली दिसते आणि लोक घाबरून डिस्कनेक्ट करून परत मॅप करतात. बऱ्याच वेळा ती फुली नुसती दाखवायची असते, एकदा डबल क्लिक केलं की आत जाता येतं. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून मॅप ड्राइव्ह परत न जोडले जाण्याचा प्रकार मायक्रोसॉफ्टने स्वतः मान्य करून त्यावर लॉगिनला चालवायची पॉवरशेल स्क्रिप्ट पण दिली होती. तुम्ही थेट पाथ वापरताय ते ठीकच आहे, बदलू नका.

रत्नागिरी_हिशोबनीस | बुधवार, रात्री १०:३५

अजून एक, हे विंडोपेक्षा महत्त्वाचं आहे. विंडो मिटली तर मिटली, परत उघडेल. पण शेअरवरची एक्सेल फाइल उघडी ठेवून जेवायला जाऊ नका. तुमच्याकडे फाइल उघडी असते तोवर दुसऱ्याला ती रीड-ओन्ली मिळते, बरोबर? तुमचा लॅपटॉप झोपून कनेक्शन तुटलं की ते कुलूप गळून पडू शकतं. मग मागच्या खोलीतून कुणी तीच फाइल उघडून दोन ओळी भरल्या आणि सेव्ह केल्या. तुम्ही जेवून आलात, तुमच्या स्क्रीनवर जुनीच फाइल, तुम्ही कंट्रोल एस मारलं. एक्सेल विचारतो की दुसऱ्या कुणीतरी बदल केलेले असू शकतात, कॉपी सेव्ह करू की त्याच्यावर लिहू. घाईत माणूस ओव्हरराइट दाबतो. आमच्याकडे एकाच्या येण्यातले तीन व्हाउचर असेच गेले होते, चार दिवसांनी त्या माणसाने फोन करून शिव्या घातल्या तेव्हा कळलं. तेव्हापासून जेवायला उठताना एक्सेल बंद, हा ऑफिसचा नियम आहे.

झोपवूनका_अलिबाग | गुरुवार, सकाळी ८:०५

ऑफलाइन फाइल्स का नाही सुचवत कुणी? 'ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन' केलं की नेटवर्क नसलं तरी फोल्डर दिसतो, विंडो जायचा प्रश्नच नाही.

गजालीवालो | गुरुवार, सकाळी ९:४०

विंडोज होमवर मिळत नाही ते, विंडोज प्रो लागतं. आणि ताईंनी वर सांगितलं ना तीन व्हाउचर, ऑफलाइनमध्ये तर दोघंही आपापल्या कॉपीवर बिनधास्त लिहीत बसतात आणि मग सिंक सेंटर विचारतं कुणाची ठेवू. एकटा माणूस असेल तर ठीक आहे. इथे पट्टीचे पैसे आहेत बाबा.

आंबेवाला_देवगड | शनिवार, रात्री ११:३०

उशीर झाला, दोन दिवस तोड चालू होती, हात रिकामा नव्हता. काय झालं ते सांगतो.

गजालीवालो, पैज जिंकलात. राउटर खरंच ट्यूबलाइटच्या बाजूच्या प्लगवर होता. राउटरच्या पानावर जाऊन बघितलं तर डेस्कटॉप चौदा नंबरवर आणि सात नंबरवर चक्क आमच्या शेडमधला कॅमेरा. म्हणजे मी इतके दिवस कॅमेऱ्याकडे पट्ट्या मागत होतो. सात रिझर्व्ह केला, वायर ओढून राउटर इन्व्हर्टरवर घेतला. काल दुपारी लाईट दोनदा गेली, पाथ एकदाही अडला नाही.

ताई, शॉर्टकटवाली युक्ती पहिल्या पाच मिनिटांत चालली, तेवढ्यावरच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बॅच फाइल पण केली, आणि तुम्ही सांगूनसुद्धा ती रिकामी अवतरणचिन्हं विसरलोच, आठ काळ्या खिडक्या उघडल्या, बायको म्हणाली हॅक झाला वाटतं. मग लावली. अनलॉक ट्रिगर, पिंग, एसीची टिक काढली. आता पिन टाकतो, पंखा लावून पाणी पिऊन खुर्चीत बसेपर्यंत आठही विंडो हजर. फक्त जागेवर नसतात, वाशी पट्टी नेहमी चुकीच्या मॉनिटरवर उघडते, तिला विंडोज-शिफ्ट-बाण मारून पलीकडे ढकलतो.

एक्सेलचं वाचून मात्र पोटात गोळा आला. मागच्या आठवड्यातल्या गाडीभाड्याच्या फाइलमध्ये दोन गाड्या कमी लागत होत्या आणि मी ड्रायव्हरवर संशय घेतला होता. डेस्कटॉपवर पुतण्या बसतो, त्याला विचारलं, तो म्हणे मी भरल्या होत्या, जेवायच्या वेळेला. उद्या ड्रायव्हरला डझनभर आंबे देऊन येतो.

गजालीवालो | रविवार, सकाळी ७:१५

ड्रायव्हराक डझन आणि माका नुसता थँक्यू? भाव पण सांगलास नाय अजून.